उंचावर आणि चढ-उतारावर शिकार करताना गोळीचा ड्रॉप पटकन कसा काढायचा

सपाट रेंजवर झिरो केलेली (म्हणजे ठराविक अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी लागेल अशी बसवलेली) रायफल घेऊन माणूस डोंगरात जातो आणि पहिलाच बार जनावराच्या पाठीवरून निघून जातो, हे इतक्या जणांच्या बाबतीत होतं की त्याला नशीब म्हणण्यात अर्थ नाही. कारणं ठरलेली आहेत. डोंगरात गोळी साधारणपणे आपल्या अंदाजापेक्षा वर लागते आणि आपण मात्र "लांब आहे, उंचावर आहे" म्हणून नेम अजून वर धरतो, म्हणजे चूक दुप्पट होते. खाली लिहिलंय ते ज्यांच्याकडे परवाना आहे, सीझन चालू आहे आणि कायद्यानं शिकार करता येते अशा ठिकाणी जाणाऱ्यांसाठी. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, हे सगळं बार लांब नेण्यासाठी नाहीये, जखमी जनावर दरीत हरवू नये यासाठी आहे.

आधी एक घोळ मिटवू. "उंची" म्हटलं की लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक म्हणजे समुद्रसपाटीपासून तुम्ही किती वर आहात, म्हणजे हवा किती विरळ आहे. दुसरी म्हणजे तुम्ही आणि जनावर यांच्यात किती चढ किंवा उतार आहे, म्हणजे बार किती अंशात जातोय. दोन्हींचा परिणाम वेगळा, दोन्हींचा हिशोब वेगळा, आणि शिकारीच्या टप्प्यात दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा बऱ्याचदा कितीतरी मोठी असते. गंमत अशी की लोक पहिलीवर तासन् तास बोलतात, अ‍ॅपमध्ये प्रेशर भरत बसतात आणि कोन मोजायचा विसरतात.

गोळीचा ड्रॉप, म्हणजे ती पडते का आणि किती, हे एवढंच समजून घ्या: नळीतून सुटल्या क्षणापासून ती पडायला लागते, आणि किती पडेल हे ती किती वेळ हवेत आहे त्यावर ठरतं. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीपेक्षा थोडा जास्तच लागतो कारण गोळीचा वेग कमी होत जातो, आणि पडणं जवळपास वेळेच्या वर्गानं वाढतं, म्हणून १०० ते २०० मध्ये जे थोडंसं वाटतं ते ३०० ते ४०० मध्ये एकदम अंगावर येतं. स्कोप नळीच्या ४-५ सेंमी वर बसलेला असतो आणि झिरो करताना आपण नळी किंचित वर उचललेली असते, म्हणून गोळी आधी नजरेच्या रेषेखाली असते, मग रेषा गाठते, झिरो अंतराप्रमाणे कधी थोडी वरही जाते, आणि मग खाली पडत जाते.

आता आकडे घेऊ. उदाहरणासाठी .३०८ विंचेस्टर हे काडतूस घेतो, १६८ ग्रेन वजनाची बुलेट, नळीच्या तोंडाशी वेग साधारण ८०८ मीटर प्रति सेकंद, झिरो १०० मीटरला, समुद्रसपाटीजवळची हवा. या लोडला (म्हणजे काडतूस आणि बुलेटच्या या जोडीला) लागणारं करेक्शन, म्हणजे नेम किती वर न्यायचा ते, मिलमध्ये (स्कोपचं कोनाचं माप, खाली सांगतो) साधारण असं येतं: २०० मीटरला ०.७, ३०० ला १.७, ४०० ला २.७. बघा, किती सोपं आहे लक्षात ठेवायला! २०० ला ०.७ आणि त्यापुढे दर १०० मीटरला १ मिल, म्हणजेच दर १० मीटरला ०.१ मिल, म्हणजे मिलच्या टरेटवर (स्कोपवरचं नेम बदलायचं चाक) एक क्लिक. २६० मीटर? ०.७ अधिक ०.६, झालं १.३. ३४० मीटर? २.१. कागद नको, अ‍ॅप नको. फक्त हे ४०० च्या पुढे ताणू नका, ५०० ला खरं करेक्शन ४ मिलच्या आसपास लागतं आणि हा नियम ३.७ सांगेल, म्हणजे गोळी १५ सेंमी खाली लागेल.

तुमची रायफल वेगळी असेल तर आकडे वेगळे येतील, पण असा पाठ होणारा नियम जवळपास प्रत्येक लोडसाठी सापडतो. बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये तुमच्या बुलेटचा बीसी (ती हवा किती सहज कापते त्याचा आकडा), क्रोनोग्राफ या वेगमापकावर मोजलेला वेग (डब्यावर छापलेला नाही, तो बऱ्याचदा तुमच्यापेक्षा लांब नळीतून मोजलेला असतो) आणि स्कोपची उंची भरा, दर २५ मीटरचा तक्ता काढा आणि त्यात बघा की कुठून कुठपर्यंत दर १० मीटरला साधारण सारखीच वाढ होते. तो तुकडा तुमचा नियम. ६.५ क्रीडमूरसारख्या बारीक लांबट बुलेटला वाढ हळू होते, .३०-३० सारख्या जाड आणि सावकाश गोळीला खूप भराभर होते आणि तिथे २०० मीटरच्या पुढे हा खेळच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मिलची एक गोष्ट नवीन लोकांसाठी: १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंमी, ३०० वर ३० सेंमी. ज्यांचा स्कोप एमओएमध्ये (अंशाचा साठावा भाग) आहे त्यांनी १०० मीटरवर २.९ सेंमी धरायचे. आणि रेटिकलच्या, म्हणजे स्कोपच्या आत दिसणाऱ्या रेषांच्या, खुणांनी होल्ड करणार असाल (चाक न फिरवता नेमच वर-खाली धरणार असाल) तर स्कोप सेकंड फोकल प्लेनचा आहे का ते बघा, तसा असेल तर खुणा एका ठराविक झूमवरच खऱ्या असतात, बहुतेक स्कोपमध्ये सगळ्यात जास्त झूमवर. अर्ध्या झूमवर तीच खूण दुप्पट मापाची होते. डोंगरात जनावर अचानक जवळ निघतं म्हणून माणूस झूम कमी ठेवून चालतो, मग लांबचं दिसलं की तसाच नेम धरतो आणि होल्ड पार चुकतो.

आता विरळ हवेकडे येऊ.

वर गेलं की हवेची घनता कमी होते, गोळीला अडथळा कमी होतो, वेग जास्त टिकतो, वेळ कमी लागतो, म्हणून कमी पडते. स्टँडर्ड हवेत समुद्रसपाटीला घनता एका घनमीटरला १.२२५ किलो असते, १००० मीटर उंचीवर ती साधारण ९१ टक्के उरते, २००० वर ८२, ३००० वर ७४ आणि ४००० वर ६७ टक्के. आकडे ऐकून वाटतं की बापरे, पाव भाग हवाच गायब. पण गोळीवर परिणाम किती? वरच्याच .३०८ चं उदाहरण: २००० मीटर उंचीवर २०० मीटरच्या बारात फरक जेमतेम १ सेंमी, ३०० मीटरच्या बारात ३ सेंमी, ४०० मध्ये ८ सेंमीच्या आसपास. म्हणजे मिलमध्ये ३०० ला ०.१ आणि ४०० ला ०.२ वजा. २०० पर्यंत तर विसरूनच जा. काही जण म्हणतात उंचावर गुरुत्वाकर्षणही कमी होतं म्हणून गोळी कमी पडते, ते होतं खरं पण ३००० मीटरवर जेमतेम ०.१ टक्का, त्याचा विचारसुद्धा करू नका.

म्हणून झटपट नियम असा ठेवा: तुम्ही जिथे झिरो केलं तिथून किती वर आलात ते बघायचं. २००० मीटर वर आलात तर ३०० च्या बाराला एक क्लिक कमी, ४०० च्या बाराला दोन क्लिक कमी. १००० मीटर वर आलात तर त्याच्या निम्मं, म्हणजे ३०० पर्यंत काहीच नाही. ३००० मीटरला ३०० वर एक ते दीड आणि ४०० वर तीन. जास्त बीसीच्या बुलेटला याहून कमी, कारण तिला मुळात हवा कमी अडवते.

इथे "झिरो केलं तिथून" हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्याची रायफल आणि तक्ता १५०० मीटर उंचीच्या गावात तयार झालाय त्याला २००० वर जाऊन काहीच बदलायचं नाहीये. आणि डोंगरातला माणूस खाली मैदानात आला तर उलटं, गोळी जास्त पडेल. १०० मीटरचा झिरो मात्र उंचीमुळे हलत नाही म्हटलं तरी चालेल, हलला असेल तर प्रवासात स्कोपला ठोका बसलाय, हवेला दोष देऊ नका.

तापमानाचं काय? गरम हवा विरळ, थंड हवा दाट. दर १० अंश सेल्सिअसला घनता साधारण साडेतीन टक्क्यांनी बदलते. ज्यांना हे नीट करायचंय त्यांनी डेन्सिटी अल्टिट्यूड वापरावी, तिच्यात उंची आणि तापमान एकाच आकड्यात येतात. हिशोब डोक्यात होतो: स्टँडर्ड तापमान समुद्रसपाटीला १५ अंश, दर १००० मीटरला साडेसहा अंश कमी, म्हणजे २००० मीटरला २ अंश. त्यापेक्षा जितके अंश जास्त असेल तितके गुणिले ३६ मीटर उंचीत मिळवा. २००० मीटरवर दुपारी २२ अंश असेल तर २० अंश जास्त, २० गुणिले ३६ म्हणजे ७२०, तर गोळीच्या दृष्टीनं तुम्ही २७०० मीटरवर उभे आहात. पहाटे उणे ३ असेल तर ५ अंश कमी, म्हणजे १८२० मीटर. एकाच जागी पहाट आणि दुपारमध्ये एवढा फरक! पण पुन्हा तेच, ३०० मीटरच्या बारात हा फरक दीड-दोन सेंमीच्या पलीकडे जात नाही. आणि दमट हवा जड असते म्हणून गोळी जास्त पडते हा समज उलटा आहे, दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, आणि फरक इतका बारीक की सोडून द्या.

याच्या उलट दिशेनं काम करणारी एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल लोक फार कमी बोलतात, ती म्हणजे काडतुसातल्या पावडरीचं तापमान. थंडीत पावडर थोडी मंद जळते आणि वेग कमी होतो. किती ते पावडरीवर आहे, तापमानाला स्थिर असणाऱ्या पावडरी आहेत त्यांच्यात फारच कमी, पण साध्या पावडरीत दर अंशाला अर्धा मीटर प्रति सेकंदच्या आसपास वेग जाऊ शकतो. खाली ३५ अंशाच्या उन्हात झिरो केलं आणि वर ५ अंशाच्या पहाटे शिकार केली तर १५ मीटर प्रति सेकंद गेले, म्हणजे जवळपास दोन टक्के, म्हणजे ड्रॉप चार टक्के वाढला, ३०० मीटरवर ३ सेंमी. आठवा, २००० मीटर उंचीनं किती वाचवले होते? तेही ३ सेंमी. म्हणजे वर गेल्यावर हवा विरळ झाली आणि थंडीनं ते परत घेतलं, हिशोब शून्य. म्हणूनच कित्येक अनुभवी शिकारी उंचीचं करेक्शन लावतच नाहीत आणि तरी त्यांचे ३०० मीटरच्या आतले बार बरोबर लागतात. काडतुसं मात्र सारख्या तापमानात ठेवा, एक मॅगझिन खिशात अंगाच्या उबेला आणि दुसरं रात्रभर सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात असं करू नका.

अ‍ॅप वापरणाऱ्यांसाठी एक इशारा, हा खरंच महत्त्वाचा आहे. हवामानाच्या अ‍ॅपवर जे प्रेशर दिसतं ते समुद्रसपाटीला आणून दाखवलेलं असतं. तुम्ही २००० मीटरवर असलात तरी तिथे १०१३ च्या आसपास दिसेल, खरं प्रेशर तुमच्या जागेवर ७९५ हेक्टोपास्कल असतं. ते १०१३ बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये स्टेशन प्रेशर (तुमच्या जागेवरचं खरं प्रेशर) म्हणून टाकलं तर अ‍ॅपला वाटतं तुम्ही समुद्रकिनारी उभे आहात आणि उंचीचं सगळं करेक्शन उडून जातं. उलट काही जण खरं प्रेशर टाकतात आणि वर उंचीही टाकतात आणि समुद्रसपाटीवालं सेटिंग चालू ठेवतात, मग अ‍ॅप उंची दोनदा मोजतं. एक पद्धत धरा: जवळ छोटा हवामान मीटर असेल तर स्टेशन प्रेशर आणि तापमान द्या, उंचीचा रकाना सोडा. मीटर नसेल तर फक्त उंची आणि तापमान द्या. दोन्हीची खिचडी नको.

आता कोन. इथे थांबून वाचा, कारण बार चुकतात ते इथे.

चढावर मारा किंवा उतारावर मारा, दोन्ही वेळेला गोळी सपाटीपेक्षा वर लागते. वर मारताना गोळी जास्त पडते असं वाटणं साहजिक आहे पण ते चूक आहे. गुरुत्वाकर्षण सरळ खाली ओढतं, आणि बार तिरका असला की त्या ओढीचा फक्त काही भाग गोळीला तिच्या रेषेपासून बाजूला नेतो, बाकीचा भाग तिला नुसता थोडा मागे किंवा पुढे ओढतो. बार जितका उभा तितकं बाजूला पडणं कमी. पण आपण स्कोपमध्ये सपाटीच्या अंतराचं पूर्ण करेक्शन दिलेलं असतं, म्हणून गोळी वर. चढ आणि उतार यांच्यातला आपापसातला फरक शिकारीच्या टप्प्यात धरण्यासारखा नाही.

किती वर? त्याच .३०८ चे आकडे. १५ अंशाला ३०० मीटरवर ३ सेंमी, सोडून द्या. ३० अंशाला २०० मीटरवर साडेचार सेंमी, ३०० वर ११, ४०० वर २०. ४५ अंशाला २०० वर १०, ३०० वर २४, ४०० वर ४५ सेंमी. आता हरणासारख्या जनावराच्या छातीतला महत्त्वाचा भाग १५ ते २० सेंमी व्यासाचा धरतात, म्हणजे मध्यापासून वर ८-१० सेंमीचीच मुभा. ३०० मीटरवर ३० अंश विसरलात की ती सगळी मुभा संपली, पाठीच्या कण्याच्या वर गोळी.

उपाय सोपा आहे, बार सरळ रेषेच्या अंतरावर नाही तर आडव्या अंतरावर धरायचा. म्हणजे नकाशावर दोघांमध्ये जेवढं अंतर दिसलं असतं तेवढं. यालाच रायफलमन्स रूल म्हणतात. आडवं अंतर म्हणजे लेझर रेंजफाइंडरनं मोजलेलं सरळ अंतर गुणिले कोनाचं कोसाइन. कोसाइन पाठ करायची गरज नाही, हे चार तुकडे पुरतात: २५ अंशाला दहावा भाग कमी, ३० ला आठवा भाग कमी, ३७ ला पाचवा भाग कमी, ४५ ला दहातले तीन भाग कमी. १५ पर्यंत काही नाही, २० ला शंभरातले सहा. बस.

पूर्ण उदाहरण करून दाखवतो. तुम्ही २००० मीटर उंचीवर कड्यावर बसलाय, खाली जनावर आहे, लेझर ३२० मीटर सांगतो, कोन ३० अंश. ३२० चा आठवा भाग ४०, उरले २८०. नियमानं २८० चं करेक्शन ०.७ अधिक ०.८ म्हणजे १.५ मिल. विरळ हवेसाठी एक क्लिक कमी, १.४. (थंडी खूप असेल आणि पावडर साधी असेल तर ती क्लिक कमी करू नका.) हेच कोन आणि हवा विसरून ३२० चं सरळ करेक्शन दिलं असतं तर १.९ मिल झालं असतं. अर्धा मिल फरक, ३२० मीटरवर १६ सेंमी. हा सगळा हिशोब दहा सेकंदात होतो, जनावर चरत असेल तर वेळच वेळ आहे, आणि पळत असेल तर या अंतरावर बार घ्यायचाच नाही.

काही जण अंतर कमी करण्याऐवजी क्लिकच्या आकड्यालाच कोसाइननं गुणतात, म्हणजे १.९ गुणिले ०.८७, साधारण १.६५. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत ती रीत चालते, पण १०० मीटरच्या झिरोनं ३००-४०० मीटरच्या आत तिनं आकडा पुरेसा घटत नाही आणि गोळी वर जाते, कारण झिरोमध्ये आधीच भरलेलं उचलणं त्या १.९ च्या आकड्यात धरलेलंच नसतं. शिकारीला आडव्या अंतराची रीतच जास्त जवळ जाते. ती किंचित खाली मारते, पण दोन-तीन सेंमीच.

कोन मोजायचा कसा? सगळ्यात सोयीचं म्हणजे कोन धरणारा लेझर रेंजफाइंडर, तो थेट आडवं अंतर दाखवतो. पण सेटिंग नक्की तपासा, कारण बऱ्याच रेंजफाइंडरमध्ये दोन्ही मोड असतात आणि तुम्हाला दिसणारा आकडा कुठला हे माहीत नसेल तर तुम्ही आधीच कमी केलेल्या अंतरातून परत आठवा भाग कमी कराल. घरी असतानाच एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीकडे धरून दोन्ही आकडे बघून घ्या. लेझर साधा असेल तर फोनमधलं पातळी मोजणारं अ‍ॅप नळीच्या समांतर धरून कोन दाखवतं, किंवा स्कोपला लावायचा कोनदर्शक मिळतो, तेही नसेल तर शाळेतला कोनमापक आणि मध्यातून दोऱ्याला बांधलेलं छोटं वजन पुरतं, त्याला बॅटरी लागत नाही. नुसत्या डोळ्यानं कोन ठरवू नका. डोंगरात उभं राहून माणसाला ४५ वाटतो तो उतार मोजला तर पंचवीस-तीसच निघतो, सगळ्यांचाच असा अंदाज फुगतो, आणि मग अंतर गरजेपेक्षा जास्त घटवलं जाऊन गोळी पोटाखालून जाते किंवा पाय मोडते, जे चुकण्यापेक्षा वाईट.

आणि अंतर! दरीपलीकडचं जनावर खऱ्यापेक्षा जवळ वाटतं, उंचावरच्या स्वच्छ हवेत आणि पाठीमागून ऊन असताना तर अजूनच. ३३० मीटर असताना ३०० समजलात तर ०.३ मिलची चूक, म्हणजे गोळी १० सेंमी खाली. लक्षात घ्या, २००० मीटर उंचीचा फरक ३ सेंमी आणि अंतरातल्या ३० मीटरच्या चुकीचा फरक १० सेंमी. म्हणून पैसे आणि लक्ष कशावर घालायचं हे विचारलंत तर मी आधी लेझर म्हणेन, मग कोन, हवा सगळ्यात शेवटी. लेझर बंद पडला तर रेटिकलनं अंतर काढता येतं: जनावराच्या छातीची उंची मीटरमध्ये गुणिले १०००, भागिले रेटिकलमध्ये दिसणारे मिल. छाती ४५ सेंमी आणि दिसते दीड मिल, तर ३०० मीटर. यात चूक व्हायला जागा खूप आहे, दीडच्या जागी १.३ वाचलं तर अंतर ३४६ येतं, म्हणून या पद्धतीनं २५० च्या पुढे बार घेऊ नये असं मला वाटतं. त्यापेक्षा बसल्या जागी आधीच आजूबाजूचे दगड, झाडं, पायवाटेचं वळण यांची अंतरं लेझरनं मोजून कागदावर मांडून ठेवा, प्रत्येकाशेजारी कोन आणि तयार क्लिक. जनावर त्या झाडापाशी आलं की गणित झालेलंच असतं.

ज्यांना क्लिकच नकोत त्यांच्यासाठी एक पद्धत आहे आणि ती मला डोंगरात खूप आवडते. १०० मीटरला गोळी नेमापेक्षा ६ सेंमी वर लागेल असं झिरो करा. या लोडला मग खरा झिरो १९० मीटरच्या आसपास येतो आणि गोळी सुमारे २२५ मीटरपर्यंत नेमाच्या रेषेपासून साडेसात सेंमीच्या आत राहते, वरही आणि खालीही. म्हणजे २२५ च्या आत सरळ छातीच्या मध्यावर नेम धरायचा, काही मोजायचं नाही. पण उभ्या उतारावर इथेही सावध. १०० मीटरवर आधीच ६ वर आहे आणि ४५ अंशाच्या उतारानं अजून दोन-अडीच सेंमी वर जाते, दीडशेवर तर ते अजून वाढतं, म्हणून तीव्र उतारावर या झिरोनं छातीच्या मध्याऐवजी खालच्या तिसऱ्या भागावर नेम धरा. आणि १०० मीटरच्या साध्या झिरोनं अगदी जवळच्या, २०-२५ मीटरच्या बारात तर ड्रॉप नसतोच, उलट स्कोप वर बसल्यामुळे गोळी दोन-तीन सेंमी खाली लागते, मचाणावरून मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उतारावर नेमाची अजून एक बाजू आहे जी ड्रॉपच्या तक्त्यात येत नाही. वरून मारताना गोळी पाठीच्या बाजूनं शिरते आणि खाली तिरकी जाते. सपाटीवर जिथे नेम धरतो तिथेच धरला तर ती एकाच फुफ्फुसातून जाऊ शकते. म्हणून गोळी पलीकडे कुठून बाहेर पडली पाहिजे ते आधी ठरवा, पुढच्या दोन पायांच्या मधोमध साधारण, आणि त्या रेषेवरून मागे येत शिरण्याची जागा काढा. खालून वर मारताना उलटं. आणि कड्याच्या धारेवर उभं असलेलं जनावर, ज्याच्या मागे फक्त आभाळ आहे, त्याच्यावर बार नाहीच, गोळी पलीकडच्या उतारावर कुठे उतरेल हे तुम्हाला दिसत नाही.

शिकारीच्या ठिकाणी पोचल्यावर, जिथे परवानगी असेल तिथे, दोन गोष्टी करा. आधी १०० मीटरवर तीन बार, झिरो हललाय का ते कळेल. मग तुमच्या नियमाचं करेक्शन देऊन २५० किंवा ३०० मीटरवर तीन बार, शक्यतो सकाळच्या थंडीत, ज्या वेळेला खरंच शिकार करणार त्याच वेळेला. लांबचे तीनही एकसारखे वर लागले तर तितके क्लिक सगळ्या तक्त्यातून कमी करा, खाली लागले तर वाढवा, कारण हवा, पावडर, वेग सगळ्याचा एकत्र परिणाम त्या तीन भोकांत आलेला असतो आणि तो अ‍ॅपपेक्षा खरा. जमलं तर एक बार उतारावरही मारून बघा, आडवं अंतर काढून, म्हणजे हात आणि डोकं दोन्हींना विश्वास येतो. नवा आकडा पेन्सिलनं चिकटपट्टीवर लिहून बटच्या डाव्या बाजूला लावा: २००, २५०, ३००, ३५० चे मिल आणि त्याखाली कोनांचे चार तुकडे, एवढंच. अक्षर मोठं काढा, संधिप्रकाशात वाचता आलं पाहिजे.